काय हरवलं हो?

पादचारी पुलाच्या लोखंडी कठड्यापाशी मी गुडघे टेकून बसले होते आणि एकेक बोल्ट बोटांनी चाचपत होते. सकाळची वेळ होती, ये-जा तुरळक. विसेक बोल्ट झाले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हरवलं हो?"

हातात काठी घेतलेले सत्तरीचे आजोबा. फिरायला निघालेले असावेत.

"काही नाही, कानातलं पडलं," मी म्हटलं.

हे माझं ठेवणीतलं उत्तर. माणसं "अरेरे" म्हणतात आणि पुढे जातात. हे आजोबा पुढे गेले नाहीत. त्यांनी काठी कठड्याला टेकवली, चष्मा वर सरकवला आणि खाली वाकून न पडलेलं कानातलं फरशांच्या फटींत शोधायला लागले. माझ्या दोन्ही कानांत कानातली होती. मी हळूच केस पुढे ओढून घेतले.

दहा मिनिटं गेली. शरमेनं माझा जीव अर्धा झाला. आता खरं सांगून टाकावं असं ठरवतेय, तोच आजोबा म्हणाले, "कानातलं काही दिसत नाही बुवा. पण हा बोल्ट बघा. बाकीचे गंजलेत आणि याला नुसता गंजाचा रंग फासलाय." त्यांनी तो ओढला. टक्‌ असा आवाज झाला आणि बोल्ट त्यांच्या हातात आला. तळाला चुंबक, आतून पोकळ, पोकळीत कागदाची बारीक सुरळी.

मग सगळंच सांगावं लागलं. कुणीतरी अनोळखी माणसानं ही डबी इथं लपवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, ते वाचून लोक येतात, सुरळीवर नाव लिहितात आणि डबी होती तशी ठेवून जातात. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या नावाखाली मी त्यांनाही सही करायला लावली. शोधली तर त्यांनीच होती. सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि यात मिळतं काय?"

"काही नाही."

"बरंय," ते म्हणाले. बोल्ट जागच्या जागी चिकटवला, आणि दोन पावलं मागे जाऊन तो आता ओळखू येतोय का, ते मान तिरकी करून बघितलं.

हे दोन पावलं मागे जाऊन बघणं शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

या छंदाचं नाव जिओकॅशिंग. मराठीत बोलताना त्याची एक पंचाईत आहे. 'कॅश' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नोटा येतात. मी एकदा घरात फोनवर बोलून गेले, "झाडाखालची कॅश ओली झालीय, उद्या जाऊन बदलून येते." त्यानंतर घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर अजून आठवते. हा 'कॅश' फ्रेंच भाषेतल्या 'लपवणे' या क्रियापदावरून आलेला आहे. पैशाशी त्याचं नातं नाही. तेव्हापासून मी मुकाट्यानं 'डबी' म्हणते.

छंदांचा जन्म सहसा कधी झाला ते नेमकं सांगता येत नाही. याचा सांगता येतो. जीपीएस ही मुळात अमेरिकी लष्कराची यंत्रणा. सामान्य माणसाला तिचा उपयोग करू देताना लष्करानं संदेशात मुद्दाम चूक कालवून ठेवली होती, त्यामुळे नागरी यंत्रावर दिसणारी जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे असायची. समुद्रातल्या जहाजाला तेवढं पुरतं. झुडपातली डबी शोधायला निघालेल्या माणसाला नाही. १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही कालवाकालव थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच मध्यरात्री जगभरातली यंत्रं एकदम दहापट अचूक झाली. कुणाला नवं यंत्र घ्यावं लागलं नाही, काही दुरुस्त करावं लागलं नाही. एखाद्याच्या चष्म्यावरची वाफ कुणी परस्पर पुसून द्यावी, तसं झालं.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, व्हिडिओ, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक बंद डबा. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवरच्या उपग्रहप्रेमींच्या चर्चागटात टाकले. नियम एकच: काही घ्या, काही ठेवा. ६ मेपर्यंत दोघांनी ती बादली शोधलीसुद्धा. त्याच महिन्याच्या अखेरीला मॅट स्टम यांनी या खेळाला जिओकॅशिंग हे नाव सुचवलं आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं.

मला या कथेतला घेवडा फार आवडतो. आजच्या नियमांत ती पहिली बादली बसलीच नसती. खाण्याच्या वस्तू ठेवायच्या नाहीत, कारण जनावरं वासानं येतात आणि डबा फोडतात. आणि जागेच्या मालकाच्या परवानगीवाचून जमीन खणून पुरायचंही नाही. एकानं पुरलं की शोधणारे दहा जण दहा ठिकाणी खणतात. आद्य पुरुषानंच दोन नियम मोडले, म्हणून पुढच्यांना ते करावे लागले. तो घेवड्याचा डबा मात्र पुढे सापडला आणि जपून ठेवला गेला.

आता शोधण्याविषयी. नवख्या माणसाला वाटतं, आकडे आहेत, फोन आहे, मग राहिलं काय? जायचं आणि उचलायचं. आकडे दिसतातही मोठे नेमके. अंश, मग मिनिटं, आणि मिनिटांच्या दशांशचिन्हानंतर तीन आकडे. यातला शेवटचा आकडा एकानं बदलला तर जागा उत्तर-दक्षिण दिशेला जेमतेम १.८५ मीटर सरकते. म्हणजे कागदावरची अचूकता एका आडव्या झोपलेल्या माणसाएवढी.

प्रत्यक्षात उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर. त्यांचा संदेश पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो, आणि तो वेळ मोजूनच फोन अंतर काढतो. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. भिंतीवर किंवा कड्यावर आपटून आलेला संदेश वळशामुळे जास्त चाललेला असतो आणि फोनला ते कळत नाही. तो बापडा तुम्हाला भिंतीपलीकडे उभं करतो. आकाश मोकळं असेल तर फोनची चूक साधारण ५ मीटर धरावी. डबी लपवणाऱ्याच्या फोनचीही तेवढीच. दोन्ही चुका उलट दिशांना गेल्या तर झाले १० मीटर. आणि १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३०० चौरस मीटरहून मोठं रान, ज्यात तुम्हाला पेनाच्या टोपणाएवढी वस्तू शोधायची आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला, जो कुणीच ऐकत नाही: शेवटच्या १५ पावलांत फोन खिशात टाका. बाणाच्या मागे फिरत राहिलात तर तो तुम्हाला भोवऱ्यासारखं फिरवेल. त्याऐवजी दोन-तीन वेगवेगळ्या दिशांनी त्या जागेकडे चालत या, बाणाच्या रेघा साधारण कुठं छेदतात ते मनात धरा, आणि मग उभं राहून नुसतं बघा. मी असते तर कुठं लपवलं असतं? खरं काम इथून सुरू होतं. दगड निसर्गात एकावर एक नीट रचलेले नसतात. काटक्या समांतर पडत नाहीत. गवत एकाच जागी उगाच तुडवलं जात नाही.

माझी भाची नऊ वर्षांची असताना माझ्याबरोबर आली होती. मी एका बुंध्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, ढोलीत आरसा घालून बघितलं, हाताला काही लागेना. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मावशी, ही पानं या झाडाची नाहीयेत." खरंच नव्हती. मुळांच्या बेचक्यात कुणीतरी दुसऱ्या झाडाची पानं आणून ढीग घातला होता, आणि त्याखाली डबी. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली आहे. असो.

जी डबी सापडत नाही, तिची नोंद 'डीएनएफ' या तीन अक्षरांनी करतात, म्हणजे सापडली नाही. लोक ही नोंद करायला लाजतात. चार वेळा रिकाम्या हातानं परत येतात, पाचव्यांदा सापडते आणि फक्त पाचव्या फेरीचं लिहितात. हा मला या छंदातला सर्वांत मोठा भित्रेपणा वाटतो. तुमचं 'सापडली नाही' वाचूनच डबीच्या मालकाला कळतं की ती गायब झाली असेल, जाऊन बघायला हवं. मी माझे सगळे डीएनएफ लिहिते, आणि माझं सर्वांत लांबलचक डीएनएफ एका बाकाविषयीचं आहे. पाऊण तास मी त्या बाकाभोवतीचं गवत, कुंपण, दिव्याचा खांब उलटासुलटा केला. डबी बाकाच्या फळीखाली होती, त्याच फळीवर माझी पिशवी ठेवलेली. काखेत कळसा ही म्हण मी तोवर दुसऱ्यांसाठीच वापरत आले होते.

बहुतेक डब्यांबरोबर एक इशारा असतो, पण तो सांकेतिक लिपीत. रोमन वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं. अक्षरं २६ असल्यामुळे पुन्हा तेरा घरं सरकवलं की मूळ मजकूर परत. रानात बसून पेन्सिलीनं इशारा उलगडायची त्यात मजा आहे. ही युक्ती फक्त रोमन अक्षरांना लागू पडते. माझ्या पहिल्या डबीचा इशारा मी मोठ्या अभिमानानं मराठीत लिहिला, आणि तो जसाच्या तसा, उघडावाघडा, सगळ्यांना दिसत राहिला. देवनागरीला तेरा घरं सरकायचं कारणच नव्हतं.

पण त्या पहिल्या डबीचं खरं दुखणं इशारा नव्हताच.

लपाछपीत शेवटपर्यंत जो सापडत नाही तो जिंकतो. ज्याच्यावर राज्य, तो बिचारा शोधून दमतो. लहानपणापासून हेच डोक्यात बसलेलं, म्हणून डबी लपवायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं की हिला कुणाला सापडू द्यायचं नाही. तळ्याकाठी एक जुनी, चुन्याशिवाय नुसत्या दगडांवर दगड रचलेली भिंत होती. तिच्यातला एक दगड काढून मागे फोटोच्या रिळाची काळी डबी कोंबली आणि दगड परत लावला. भिंतीत तसे शेकडो दगड. घरी येऊन मी खुशीत होते.

पहिल्या तीन आठवड्यांत सात डीएनएफ आले आणि प्रत्येकानं माझी छाती फुगली. आठवी नोंद अशी होती: "भिंत बरीच उचकटलेली दिसली, म्हणून आम्ही शोधणं थांबवलं." मी दुसऱ्या दिवशी पहाटेच गेले. भिंतीचा एक कोपरा ढासळला होता. इतकी वर्षं उभी असलेली भिंत. तिला शोधणाऱ्यांनी एकेक दगड हलवून हलवून सैल केलं होतं, आणि त्यांना तिथं बोलावलं होतं मी. निम्मा दिवस मी दगड रचत बसले. मला भिंत रचता येत नाही, हेही त्या दिवशी कळलं. डबी काढून घेतली आणि यादीतून रद्द केली.

लपवणाऱ्यानं सगळ्यांत आधी हे मनात आणावं, की आपण अनोळखी हातांना एक पत्ता देतोय. डबीच्या आसपास जे काही हलतं, उघडतं, उचलतं येतं, ते सगळं हलवलं, उघडलं, उचललं जाणार आहे. कुंडी असेल तर कुंडी, विजेचा डबा असेल तर विजेचा डबा, पक्ष्याचं घरटं असेल तर तेही. मग प्रश्न 'कुठं सापडणार नाही' हा राहतच नाही. कुठं शोधलं तर कुणाचं काही बिघडणार नाही, ते बघायचं. आणि त्याच्याही आधी: तिथं माणसाला का बोलवायचं? जुनं झाड, विसरलेली पायवाट, संध्याकाळी उजेड छान पडतो तो कोपरा, काहीतरी असावं. नुसती जागा रिकामी आहे म्हणून खांबामागे चिकटवलेल्या डब्यांचा मला मनस्वी कंटाळा येतो.

औपचारिक अटीही आहेत, त्या थोडक्यात सांगते. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं. हा आकडा चमत्कारिक वाटतो कारण तो मैलाचा दहावा भाग आहे. जागेच्या मालकाची परवानगी हवी. जिथं तुम्ही वारंवार जाऊ शकत नाही तिथं ठेवायची नाही. सुट्टीत फिरायला गेलात आणि दूरदेशी डबी ठेवून आलात तर ती सांभाळणार कोण? तुमची नोंद आधी एक स्वयंसेवक तपासतो, मगच ती सगळ्यांना दिसते.

परवानगीचा कंटाळा करू नये, याला एक चांगलं कारण आहे. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदर्बी गावात कुणीतरी लपवलेली अशीच एक डबी संशयास्पद वस्तू समजली गेली आणि बॉम्बनाशक पथकानं ती स्फोट करून उडवली. रस्त्यावर कुणी माणूस वाकून, इकडेतिकडे बघत, भिंतीच्या फटीत काहीतरी सारतोय, हे दृश्य बघणाऱ्याला कसं दिसत असेल? म्हणून मी शक्य तिथं पारदर्शक डबा वापरते, बाहेरून 'खेळातली डबी, धोका नाही' असं स्पष्ट लिहिते, आणि शाळा, स्थानकं, सरकारी इमारती यांच्या आसपासही फिरकत नाही.

आता डबी. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझे सगळे पैसे आणि सगळी अक्कल याच वाटेनं गेली आहे.

रिळाची डबी दिसते गोंडस, पण पाणी धरून ठेवते. पहिल्या पावसात आतला कागद लगदा होतो. चारी बाजूंनी कड्या असलेला, झाकणात रबराची पट्टी असलेला जेवणाचा डबा उत्तम. त्याहून उत्तम लष्करी काडतुसांची लोखंडी पेटी, पण ती मोठी, आणि वर सांगितलेल्या कारणासाठी तिच्यावरची जुनी लष्करी अक्षरं रंगवून झाकायलाच हवीत. छोट्या जागेसाठी प्लास्टिकच्या बाटल्या फुगवण्याआधीची जी जाड नळी असते, परीक्षानळीसारखी, आटे असलेल्या झाकणाची, तिला तोड नाही. मूळची ती दाबाचं पेय सांभाळायला बनवलेली असते, पावसाचं तिला काय?

डब्यात पाणी शिरण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा डबा नसतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात आणि शोधणारा घाईघाईत झाकण लावताना पिशवीचं टोक रबराच्या पट्टीखाली अडकवतो. त्या चिमटीतून पाणी आत झिरपतं. म्हणून पिशवी डब्याच्या मानानं लहान घ्यावी. ओलावा शोषणारी ती पांढऱ्या खड्यांची पुडी सगळे टाकतात. ती एकदा भरली की पुढे तिचा काही उपयोग नाही, उलट ओली पुडी आत राहते. मी ती टाकणं सोडून दिलं.

चुंबक लावायचा असेल तर गरम गोंदाच्या बंदुकीनं चिकटवू नका. उन्हाळ्यात लोखंड तापलं की तो गोंद मऊ पडतो, चुंबक कठड्याला राहतो आणि डबी खाली. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी वापरा, आणि चुंबकावरूनही त्याचा एक थर द्या, नाहीतर वरचा मुलामा उडाला की तो गंजून भुगा होतो. रंग द्यायचा तर बिनचकाकीचा. रंगापेक्षाही मला खरखरीत कापडी चिकटपट्टी आवडते, तिच्यावर धूळ बसली की वर्षभरात डबी आपोआप त्या जागेची होऊन जाते.

आणि आकडे. डबी ठेवल्यावर एकदाच फोन बघून आकडे लिहू नयेत. वेगवेगळ्या वेळी, शक्य तर वेगवेगळ्या दिवशी जाऊन पाच-सहा वेळा मोजावं आणि सरासरी घ्यावी. हे मी माझ्या दुसऱ्या डबीवरून सांगतेय. तिचे आकडे मी अचूक मोजले, आणि वहीतून उतरवताना मिनिटांच्या दुसऱ्या दशांश स्थानी पाचाच्या जागी सहा लिहिला. एवढ्यानं जागा १८ मीटर सरकली. ज्यांनी ती शोधायचा प्रयत्न केला ते चार जण एका बाभळीच्या काट्यांत शिरून आले. नोंदी सभ्य भाषेत होत्या. मी त्या प्रत्येकाला वेगवेगळं पत्र लिहून माफी मागितली.

पिशवीत काय न्यावं, असं मला नेहमी विचारतात. खरं तर फोन आणि पेन्सिल एवढ्यावर पहिली पन्नास होतात. पेन्सिल मुद्दाम म्हटलं. शाई ओल्या कागदावर पसरते, शिसं पसरत नाही. दिवसभर नकाशा आणि जीपीएस चालू ठेवला की फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, म्हणून पॉवर बँक हवीच, आणि नकाशा आधी उतरवून घेतलेला असावा. हातातलं वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का? डोंगरात, पावसात, हातमोजे घालून फिरणार असाल तर घ्या. त्याच्या बॅटऱ्या बदलता येतात आणि ते आपटलं तरी रडत नाही. शहरात फिरायला त्याची गरज नाही, आणि ते घेतल्यानं डब्या जास्त सापडतील असंही नाही.

माझ्या पिशवीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे चिमटा. नखाएवढ्या डबीतली सुरळी बोटांनी निघत नाही आणि निघाली तर परत जात नाही. त्याखालोखाल दांडीवरचा छोटा आरसा, यंत्र दुरुस्त करणारे वापरतात तो. बाकांच्या आणि कठड्यांच्या खालची बाजू त्यात दिसते, हात घालावा लागत नाही. टॉर्च रात्रीसाठी म्हणून नव्हे. भर दुपारीसुद्धा ढोलीत अंधारच असतो. आणि काठी. जिथं नजर पोचत नाही तिथं हात घालायचा नाही, आधी काठी फिरवायची. साप, विंचू, गांधीलमाश्या यांनाही नेमकी तीच भोकं आवडतात जी डबी लपवणाऱ्यांना आवडतात. जाड हातमोजे त्यासाठीच. सुटे कागद, एक-दोन कोऱ्या पिशव्या, आणि कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी, कारण डबी शोधता शोधता सापडतो तो बहुतेक कचराच. मी एकटी फिरते तेव्हा कुठं जातेय आणि कधी परतणार ते घरी सांगून निघते, आणि उजेड कमी व्हायला लागला की डबी चार हातांवर असली तरी माघारी वळते.

लोकांनी बघू नये म्हणून काय करावं? जिओकॅशिंगवाल्यांच्या बोलीत बाहेरच्या माणसाला 'मगल' म्हणतात, आणि मगलांना चुकवण्याच्या युक्त्यांवर तास न्‌ तास बोललं जातं. बुटाची नाडी बांधणं, फोनवर बोलल्याचं नाटक. एकजण म्हणे चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि हातात कागदांचं पॅड घेऊनच फिरतो. त्याला कुणी काही विचारत नाही, उलट लोक त्याच्याकडे नळाच्या तक्रारी करतात. पुलावरच्या आजोबांनंतर मी हे सगळं सोडलं. कुणी विचारलं की खरं सांगते. निम्मे लोक हसून पुढे जातात. उरलेले शोधायला लागतात.

मला स्वतःला आकड्यांचं वेड नाही. हजारो डब्यांची यादी बाळगणारे आहेत, सर्वांत आधी पोचण्यासाठी मध्यरात्री निघणारेही आहेत. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट हे संगणक-खेळांचे रचनाकार स्वखर्चानं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले आणि तिथल्या एका कप्प्यालाच जिओकॅश म्हणून नोंदवून आले. मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स यानावरही या खेळातलं एक सांकेतिक अक्षरांचं चिन्ह आहे. हे वाचून मला गंमत वाटते, पण हात शिवशिवत नाहीत.

माझं मन रमतं ते सुरळीवर. वेगवेगळी अक्षरं, तारखा, कुणी थरथरत्या हातानं लिहिलेलं, कुणी लहान मुलाकडून लिहवलेलं. भाचीनं तिच्या जुन्या सायकलच्या कुलुपाची किल्ली नंबर कोरलेल्या बिल्ल्याला बांधून प्रवासाला सोडली होती. कुणी एका डबीतून उचलायची आणि दुसरीत ठेवायची. किल्ली चार डब्या फिरली, मग पाचव्यातून नाहीशी झाली. भाची आता कॉलेजात आहे. तरी मध्येच विचारते, "माझ्या किल्लीचं काही कळलं का गं मावशी?"

सध्या माझ्या तीनच डब्या आहेत. एकीत मागे गंमत झाली. कुणाला ती सापडली नाही, गायब झाली असं समजून त्यानं परस्पर नवी डबी ठेवली आणि 'सापडली' म्हणून नोंद केली. पुढचे सगळे त्या नव्या डबीवर सह्या करत राहिले. माझी मूळ डबी हातभर अंतरावर, सुकी ठणठणीत, सगळं बघत बसलेली. नवी मी काढून टाकली. त्यातला कागद मात्र जपून ठेवला.

तिसरी डबी मी सर्वांत जीव लावून केली आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला, पायवाट वळते तिथं, पडलेल्या ओंडक्याच्या पोटात. तिथवर जायला तासभर चढ आहे आणि पोचल्यावर पाण्याचा आवाज आधी येतो, पाणी नंतर दिसतं. इशारा सोपा ठेवलाय. सापडावी अशीच ठेवलीय. आणि सात महिने तिच्याकडे कुणी फिरकलेलं नाही. डीएनएफसुद्धा नाही.

परवा जाऊन आले. वाटेत वाटत होतं, वाहून गेली असेल. ओंडक्याला शेवाळ चढलं होतं, पण डबी जागेवर होती. उघडली. कागद कोरडा. शेवटची सही गेल्या वर्षीची, तिच्याखाली बरीच जागा मोकळी. पेन्सिलीला टोक होतं तसंच. मी रबराची पट्टी पुसली, झाकणाच्या चारी कड्या लावल्या, डबी परत आत सरकवली आणि वर सालीचा तुकडा टेकवला. मग दोन पावलं मागे गेले. सालीचा एक कोपरा जरा वर आल्यासारखा वाटत होता. परत जाऊन तो दाबला.